सरासरी जुळते, मग वावर का सुकतं?



मागच्या लेखात मी लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर एकीने विचारलं, "काकू, तुम्ही घरातल्या गोष्टी इतक्या छान सांगता, मग हवामान बदलावर का लिहीत नाही? तुमच्या भागात तर संत्र्याच्या बागाच तुटताहेत." प्रश्न बरोबर होता. मी काही शास्त्रज्ञ नाही. १९८१ साली बी.कॉम. झाले, लग्न होऊन रिद्धपूरला आले आणि दुकानाच्या वह्या अनेक वर्षं सांभाळल्या. पण मला वाटतं, हा विषय समजायला हिशेब येणारी बाईसुद्धा पुरेशी आहे. कदाचित हिशेब येत असेल तर जास्तच समजतो.

आधी आमच्या गावाबद्दल दोन शब्द. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे, सातपुड्याच्या पायथ्यापासून थोडं खाली. महानुभाव पंथाची ही काशी. गोविंदप्रभू इथे राहिले, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्राचं काम इथे केलं, आणि त्या पुण्याईवर आता मराठी भाषेचं विद्यापीठही इथे आलं आहे. आम्हा जैनांची घरं मोजकी. पण शेजार अहिंसेचा, त्यामुळे परकं कधी वाटलं नाही. उत्तरेला मुक्तागिरी, दक्षिणेला कारंजा आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. चहूबाजूंनी संत्रा, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. म्हणजे दुकान असो की देऊळ, गावात सगळ्यांचं पोट शेवटी पावसावरच.

आता हिशेबाकडे येते. गावात पावसाबद्दल वाद निघाला की कोणीतरी म्हणतंच, "अहो, पाऊस तर तेवढाच पडतो. सरासरी पाहा." अमरावती जिल्ह्याची वर्षाची सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास धरतात, आणि बऱ्याच वर्षी पाऊस तिच्या जवळपास जातोही. मग तक्रार कसली?

ज्यांनी दुकान चालवलं आहे त्यांना उत्तर लगेच कळेल. वर्षाच्या शेवटी ताळेबंद जुळतो, नफाही दिसतो, आणि तरीही दुकान बंद पडू शकतं. कारण दिवाळीत गल्ला भरला आणि श्रावणात व्यापाऱ्याचे पैसे द्यायला रोकड नव्हती. वर्षाची बेरीज आणि रोजची रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वावराला बेरीज कळत नाही, वावराला रोकड लागते. मिरगात पेरणीपुरता, मग दर आठ-दहा दिवसांनी झिमझिम, तुरीच्या फुलाच्या वेळी उघडीप. हे वेळापत्रक मोडलं तर आठशे मिलीमीटर कागदावरच राहतात.

आणि नेमकं हेच होत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे आपणही ज्याच्यात येतो त्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, असं त्यांना दिसलं. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारताच्या हवामानाचा मोठा अहवाल काढला. त्यात १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा पावसाळ्यातला एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाल्याचं म्हटलं आहे. दोन्ही एकत्र वाचा. एकूण थोडा कमी, आणि जो पडतो तो धो धो. मधले दिवस कोरडे.

असं का होतं, तेही स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगता येईल. थंडीत ओला टॉवेल दोन दिवस वाळत नाही, मे महिन्यात तासाभरात कडक होतो. गरम हवा पाणी जास्त शोषते. तापमान एक अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाफ धरून ठेवू शकते. आपल्याकडे पाऊस आणणारा समुद्रही तापला आहे. उष्णदेशीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने वाढलं. म्हणजे वरची टाकी मोठी झाली. भरायला वेळ लागतो तेव्हा खाली कोरड, आणि उलटली की सगळं एकदम. शिवाय कोरड्या दिवसांत तीच गरम हवा आपल्या वावरातली ओल पिऊन टाकते. अतिवृष्टी आणि दुष्काळ या दोन सवती नाहीत, एकाच घरच्या बहिणी आहेत.

२०२३ साल आठवा. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आपण आनंदात होतो की साधूंचा सहवास एक महिना जास्त मिळाला. आणि त्याच चातुर्मासातला ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे सोयाबीन फुलावर होतं आणि आभाळाकडे पाहून माना दुखल्या. साधूंनी विहार थांबवला होता पावसासाठी, आणि पावसानेच दांडी मारली.

आता संत्र्याबद्दल. बाहेरगावच्या मैत्रिणींना वाटतं, संत्र्याचं झाड म्हणजे लावलं की दरवर्षी फळं. तसं नसतं. संत्र्याला बहार घ्यावा लागतो. आंबिया बहार हिवाळ्याच्या शेवटी फुलतो, मृग बहार पावसाळ्याच्या तोंडाशी. त्याआधी झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण म्हणतात. झाड थोडं कष्टी होतं, वाढ थांबवतं, आणि मग पाणी मिळाल्यावर फुलावर येतं. मला तर हे नेहमी आपल्या उपवासासारखं वाटत आलं आहे. संयमानंतरचं फूल.

पण या सगळ्याचा पाया असा की कोरड्या दिवसांत कोरडं राहील आणि ओल्या दिवसांत ओलं होईल. मृग बहाराचा ताण एप्रिल-मेमध्ये देतात. मधेच अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो, उपवासाच्या दिवशी कोणी तोंडात घास कोंबावा तसा. आणि ताण नीट झाला, पण जूनमध्ये पाऊसच लांबला, तर झाड ताणातच वाळायला लागतं. आंबियाची फळं तेव्हा सुपारीएवढी ते लिंबाएवढी असतात, ती मेच्या उन्हात टपाटप गळतात. जी उरतात ती जुलै-ऑगस्टच्या अतिवृष्टीत सापडतात. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना श्वास मिळत नाही, बुरशी लागते, डिंक्या येतो, पुन्हा फळगळ. त्यातूनही वाचलं तर गारपीट आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली आणि २०१८ च्या फेब्रुवारीतली गारपीट विदर्भात कोण विसरेल?

"हे पूर्वीही व्हायचं. बाहत्तरचा दुष्काळ विसरलीस का?" असं आमच्याकडचे वडीलधारे म्हणतात. त्यांचा मान राखून मला म्हणायचं आहे की, बाहत्तर मी शाळकरी वयात पाहिला आहे. मिलोचे दिवस लक्षात आहेत. पण फरक दोन आहेत. एक, तेव्हा पाऊस आलाच नाही म्हणून पीक गेलं. आता पाऊस येतो तरी पीक जातं. दुसरा फरक वाणिज्याचा आहे. प्रत्येक धंद्यात एखादं वर्ष बुडीत जातंच. त्यासाठी गंगाजळी ठेवतात. पिढीतून एकदा फटका बसला तर गंगाजळी पुरते, पुन्हा भरताही येते. तोच फटका दहा वर्षांत चारदा बसला, तर गंगाजळी भरायच्या आतच रिकामी होते. धंदा एका मोठ्या तोट्याने मरत नाही, दोन तोट्यांमधलं अंतर कमी झाल्याने मरतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या कर्जाचं बरंचसं गणित मला इथेच दिसतं.

उन्हाळ्याबद्दल तर वऱ्हाडातल्या माणसाला कोणी काही सांगायला नको. नवतपा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो. खसच्या ताट्या, मग कुलर, माठ, कैरीचं पन्हं. बाकी लोक खिशात कांदा ठेवतात, आपल्या घरात तोही नाही, तरी आपण टिकलो. पण २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने उन्हासाठी कलम १४४ लावलं, तेव्हा मी पेपर दोनदा वाचला. जमावबंदीचं कलम दंग्यासाठी असतं एवढंच आजवर माहीत होतं. उघड्यावर काम करणाऱ्यांची सोय करा, शिकवणीचे वर्ग दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. त्याआधी २०२२ चा मार्च हा देशातला तोवरच्या १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च होता. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलच्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने सांगितलं की, माणसाने वाढवलेल्या उष्णतेमुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे तीसपट झाली आहे.

आणि मला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीची भीती जास्त वाटते. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्या की पहाटे चादर ओढावी लागायची. सरकारी अहवालातही गरम रात्रींची संख्या वाढल्याचं आणि पुढे आणखी वाढणार असल्याचं आहे. शरीर दिवसभराचं ऊन रात्री फेडतं. रात्रच गरम राहिली तर उधारी दुसऱ्या दिवशी पुढे ओढली जाते. म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि पत्र्याच्या खोलीत राहणारी मजूर बाई, या तिघांवर हे व्याज सर्वांत जास्त चढतं.

किती तापलं आहे, असं विचाराल तर आकडा लहान दिसतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. जगाचं १८५०-१९०० च्या तुलनेत एक अंशाहून जास्त वाढलं आहे, आणि २०२४ हे वर्ष दीड अंशाची रेघ ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. "एका अंशाने काय होतं?" असं म्हणणाऱ्यांना मी ताप मोजायला सांगते. ३७ चा ३८ झाला की आपण लेकराला शाळेत पाठवत नाही. धूर असाच बेसुमार वाढत राहिला तर या शतकाच्या अखेरीस भारताचं तापमान १९७६-२००५ च्या तुलनेत सुमारे ४.४ अंशांनी वाढेल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ते सर्वांत वाईट चित्र आहे, तसंच होईल असं नाही. पण माझी नात तेव्हा माझ्या वयाची झालेली असेल, म्हणून मला तो आकडा दूरचा वाटत नाही.

आता आमच्या घरातला वाद. आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे. दोन बोअर आहेत, एक आटली, दुसरी उन्हाळ्यात घुटका-घुटका पाणी देते. भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, तिसरी बोअर घेऊ, आणखी खोल जाऊ. झाडं डोळ्यांदेखत वाळू द्यायची का?" ते चुकीचं बोलत नाहीत. पंधरा वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं आहेत. पण माझा या बोअरला विरोध आहे आणि तो का, ते इथे लिहिते. ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे अशा कितीतरी जणी हे वाचत असतील.

वरुड-मोर्शी हा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारदरबारी नोंदलेला आहे. म्हणजे जमिनीत जेवढं मुरतं त्यापेक्षा आपण जास्त काढतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी आहे. आणि आमच्याकडे लोक किती खोल जातात ते सगळ्यांना माहीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तोच. वरचं पाणी म्हणजे चालू खातं, दरवर्षीच्या पावसाने भरणारं. खोल खडकातलं पाणी म्हणजे पिढ्यांची मुदत ठेव. ती मोडून आपण रोजचा खर्च भागवतो आहोत, आणि तीही एकट्याची नाही, सामाईक खात्यातली. आपली बोअर खोल गेली की शेजारच्या विधवा बाईची उथळ विहीर आधी आटते. अचौर्य व्रताची व्याख्या मी शिकले तेव्हा त्यात बोअरचा उल्लेख नव्हता. पण न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, एवढं तर आपल्या पाठशाळेतलं पोरही सांगेल.

शिवाय पुढचाही विचार करायला हवा. संत्र्याचं कलम लावल्यावर पाच-सहा वर्षांनी फळ येतं, मग पंधरा-वीस वर्षं बाग चालते. म्हणजे आज नवी बाग लावणारा माणूस २०४५ च्या हवामानावर पैसा लावतो आहे. एवढ्या लांबच्या गुंतवणुकीत सगळं भांडवल एकाच ठिकाणी ठेवू नये, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. माझं मत असं: तीन एकरांतली एक एकर जोमदार झाडं ठिबकवर आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनावर टिकवावी. एका कोपऱ्यात शेततळं घ्यावं, सरकारच्या योजना आहेत. उरलेल्यात तूर, ज्वारी, हरभरा असं कमी पाण्याचं घ्यावं. उत्पन्न कमी होईल, हे मला मान्य आहे. पण कमी नफा आणि बुडीत धंदा यांत निवडायचं असेल तर मी कमी नफा निवडीन. आमच्या घरी अजून निर्णय झालेला नाही. हे दोघांचं ऐकून गप्प बसतात.

तुम्ही म्हणाल, धूर केला अमेरिकेने आणि युरोपने, मग रिद्धपूरच्या बाईने का सोसायचं? हा प्रश्न अगदी न्यायाचा आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साईड निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. ज्याने जास्त खर्च केला त्याने जास्त भरावं, हे आपल्या सरकारने जगात ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण दोषाचा हिशेब आणि तयारीचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवावा. शेजाऱ्याने पाणी तुंबवलं म्हणून आपल्या घरात शिरलं, तर भांडण तर करायचंच. पण आधी धान्याची पोती वर उचलायची.

आता आपल्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. पर्यावरणावर कुठेही भाषण असलं की आपल्यातला कोणीतरी उठून म्हणतो, जैन धर्म तर पहिल्यापासूनच पर्यावरणवादी आहे. खरं आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती या सगळ्यांत जीव मानणारे आपण. पाणी गाळून प्यायचं, जिवाणी पुन्हा विहिरीत सोडायची, दिवस मावळायच्या आत जेवायचं. पण धर्म असा आहे म्हणून आपण तसे आहोत, असं होत नाही. ग्लासभर पाणी छन्न्यातून गाळायचं आणि अंगण धुवायला मोटार तासभर चालवायची, यातली हिंसा कोण मोजणार? पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतील, तर वाया गेलेल्या हजार लिटरचा पापाचा आकडा काढायला कॅल्क्युलेटरही पुरणार नाही. भर उन्हाळ्यात पंचकल्याणकाचे वातानुकूलित मंडप आणि दिवसभर धडधडणारे जनरेटर पाहिले की मला अपरिग्रहाची आठवण येते. उत्सव करू नका असं माझं म्हणणं नाही. हिवाळ्यात करा, सकाळी करा, लहान करा.

"तू काय धर्मात बदल सांगतेस?" असं कोणी म्हणण्याआधी एक उदाहरण देते. आपल्याकडे दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. ऋतू बदलतो तो आषाढ, कार्तिक आणि फाल्गुनाच्या अष्टाह्निकेला. ही मर्यादा कोणी तिथीच्या प्रेमाने ठरवली नाही. दमट हवेत पिठात जीव लवकर होतात म्हणून पावसाळ्यात तीन दिवस. मग फेब्रुवारीत आठवडाभर आभाळ भरलेलं असेल, गारा पडत असतील, भिंतींना ओल आली असेल, तर कॅलेंडर हिवाळा म्हणतंय म्हणून सात दिवसांचं पीठ वापरायचं का? माझ्या सासूबाई वापरत नसत. म्हणायच्या, "डब्यात बोट घालून पाहा, पंचांगात नको." हवा दमट झाली की त्या तीन दिवसांवर यायच्या. त्यांनी नियम मोडला नाही, नियमाच्या पोटातला हेतू पाळला. तोच विवेक आता जास्त ठिकाणी लागणार आहे.

विहाराचंच घ्या. आपले मुनिश्री, आर्यिका माताजी अनवाणी चालतात. आमच्या शेजारचे महानुभाव साधूही पायीच फिरतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊलाच डांबर पोळायला लागतं. पावसाळ्यात जीवहिंसा होऊ नये म्हणून थांबण्याची परंपरा आहे. वैशाखाच्या लाटेतही एखाद्या गावी काही दिवस मुक्काम व्हावा, अशी विनंती श्रावकांनी नम्रपणे करायला काय हरकत आहे? निर्णय गुरूंचा. पण विनंतीसुद्धा न करता, चालत्या साधूंमागे गाडीतून छत्री धरून जाणं मला बरं वाटत नाही. तसंच उन्हाळ्यातल्या निर्जळ उपवासांचं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना मैत्रिणींच्या चढाओढीत ४४ अंशांत निर्जळ बसवू नका. तप म्हणजे शक्तीप्रमाणे, असं आपणच म्हणतो. शक्ती मोजताना आता थर्मामीटरही पाहावा.

घरात काय करता येईल, ते आपल्या ब्लॉगच्या रीतीप्रमाणे शेवटी सांगते.

गच्चीचं पाणी. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आठशे मिलीमीटरला सुमारे ७४ हजार लिटर होतात. सांडलवंड सोडली तरी साठ हजार हाती येतात. सरकार जलजीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी रोज ५५ लिटर धरतं. पाच माणसांच्या घराला ते सात महिने पुरेल इतकं पाणी आहे. एवढं साठवायला टाकी कोणाकडे नसते. पण वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत किंवा आटलेल्या बोअरमध्ये सोडता येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, गच्ची धुऊन निघते. आमच्या आटलेल्या बोअरला मी हेच करायला सांगितलं आहे, आणि एवढ्या एका गोष्टीवर मात्र भाऊजी आणि मी एकमताने उभे आहोत. देवळाच्या छपराचं पाणीही असंच वळवा. अभिषेकाइतकंच तेही पुण्याचं आहे.

गच्चीला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. खालची खोली दुपारी थोडी तरी निवते. वीज लागत नाही.

कामवाली बाई, शेतावरची मजूर बाई यांची वेळ बदला. सकाळी लवकर बोलावा, अकराच्या आत मोकळं करा, मजुरी कापू नका. दारात माठ आणि ताक ठेवा. जीवदया पांजरपोळापासून सुरू होते, पण तिथेच संपत नाही.

वाळवणं फेब्रुवारीतच उरकायला लागा, मेची खात्री आता कमी झाली आहे. अवकाळी आभाळ दिसलं तर मुगवड्या घरात पंख्याखाली वाळवा, पण ओल राहिली तर ठेवू नका.

आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज दोन गोष्टी लिहा. पाऊस पडला की नाही, आणि रात्री झोप लागली की नाही. पाच वर्षांत तुमच्या हातात असा हिशेब येईल जो कोणत्याही सरासरीत सापडणार नाही. घरात किंवा गावात कोणी "तेवढाच तर पडतो" म्हणालं, की पानं पुढे ठेवायची.

तुमच्याकडे बोअरचा वाद कसा मिटला, कोणी बाग कमी करून दुसरं काही लावलं का, ते नक्की कळवा. मला आमच्या घरात उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र.